एका माणसापुरती खोली

शुक्रवारी ऑफिसात एकटे दिगंबर खैरेच आले, तेव्हा भिंती सरकत सरकत त्यांच्या टेबलाभोवती येऊन थांबल्या. हजेरीप्रमाणे जागा लहानमोठी करणारी ही रचना शाल्मली बर्वेची होती. त्या दिवशी ती पाहणीला आली.

“खोली पुरते ना?” तिनं विचारलं.

“पुरते. पण घरी एकटाच असतो, म्हणून मी इथं येतो. इथंही तुम्ही मला एकट्यालाच बसवलंत.”

शाल्मलीनं सगळ्या इमारतीची हजेरी उघडली. शेजारच्या कंपनीतही शुक्रवारी एकच बाई येतात, हे तिनं नोंदींत पाहिलं आणि दोन्हीकडची परवानगी काढून नियम बदलला.

पुढच्या शुक्रवारी दुपारी मधली भिंत बाजूला झाली. पलीकडे जेवायला बसलेल्या बाईंनी वर पाहिलं आणि टेबलावरची फाइल उचलून खैरेंच्या डब्यासाठी जागा केली.