पुढचं टेबल

पडदा वर गेला आणि फेर्मिनच्या तोंडाशी आलेलं ऑलिव्ह परत बशीत पडलं.

रंगमंचावर लाल झगा, कोपरापर्यंत काळे हातमोजे आणि डोक्यावर पिसांचा ढीग घेऊन एक बाई उभी होती. ती बाई नव्हे हे तिकीट काढतानाच सगळ्यांना माहीत होतं. खेळच तसला होता. पण ती चार पावलं चालली आणि फेर्मिनला तिचा उजवा पाय ओळखू आला. किंचित ओढत टाकलेला. ट्रॅक्टरवरून पडलेल्या एका पोराचा तो पाय फेर्मिननेच एकेकाळी फळीला बांधून दवाखान्यात नेला होता.

"आन्सेल्मो," तो शेजारच्याच्या कानात म्हणाला, "हा आपल्या एवारिस्तोचा नेस्तोर."

आन्सेल्मोने निरखून पाहिलं. मग त्याने आपला ग्लास एका दमात रिकामा केला.

एवारिस्तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून चष्मा पुसत होता. सारागोसाची ही सहल त्यानेच ठरवली होती. तिघंही म्हातारे, घरी वाट बघणारं कुणाचंच कुणी नाही. मरायच्या आधी एकदा शहरातली मजा बघू, असं तो म्हणाला होता. मजा अर्थातच स्वस्तात. पेन्शनवाल्यांना बसभाडं अर्धं. घरून बांधून आणलेले हॅमचे पाव तिघांनी नदीकाठच्या बाकावर बसून खाल्ले. खोलीचे पैसे वाचवायला परतीची बस पहाटेची. उघड्या बायकांचा नाच पलीकडच्या गल्लीत होता, पण तो महाग. इथे बुधवारच्या पहिल्या खेळाला तिकिटातच एक ग्लास वाइन मिळत होती.

वाल्देकुएर्वो गावात नेस्तोरचं नाव कुणी काढत नसे. पोरगा आईची शाल अंगावर घेऊन आरशासमोर गात होता, ते कुणीतरी खिडकीतून पाहिलं. गावातल्या बारमध्ये फेर्मिनने त्यावर एक विनोद केला. सगळे हसले. त्याच रात्री एवारिस्तोने पोराला दाराबाहेर काढलं आणि आतून कडी लावली. पुढे आई वारली, तेव्हा नेस्तोर दफनभूमीच्या भिंतीबाहेर उभा राहिला आणि तिथूनच माघारी गेला. कुणी विचारलंच तर एवारिस्तो सांगे, तो जर्मनीत असतो.

"चष्मा लावायच्या आत याला बाहेर काढायला हवं," फेर्मिन कुजबुजला. "नाहीतरी डोळे अधूच आहेत त्याचे. दर महिन्याला इथे शहरात डॉक्टरकडे खेपा घालतो."

आन्सेल्मोने छातीवर हात ठेवला. "एवारिस्तो, मला काही बरं वाटत नाही. जरा मोकळ्या हवेत जाऊ या."

"वाइन अशी गटकन पितात का? पाणी पी."

मग फेर्मिन उठला आणि एवारिस्तोच्या पुढ्यात रंगमंचाकडे पाठ करून उभा राहिला. "चला, बस चुकेल."

"बस पहाटे आहे."

"अहो आजोबा," मागून एक बाई म्हणाली, "खाली बसा. तुमची पाठ बघायला नाही आलो आम्ही."

फेर्मिन बसला. रंगमंचावर लाल झग्याने दातांनी एक हातमोजा ओढून काढला आणि पियानोवाल्याच्या डोक्यावर टाकला. मग बिशप आणि त्याच्या गादीवरचा असा एक विनोद सांगितला, की शेजारच्या टेबलावरच्या दोन थोराड बहिणी एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. एवारिस्तोने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि समोर बघितलं. बराच वेळ बघितलं.

"आता तो खाली येईल," तो म्हणाला. "या गाण्याला नेहमी खाली येतो."

"कोण?"

"नेस्तोर. दुसरं कोण?"

पियानो वाजत राहिला.

"आणि तुझे डोळे?" आन्सेल्मोने विचारलं. "तो डॉक्टर?"

"डोळ्यांना काय धाड भरलीय?"

फेर्मिनला आपला तो विनोद शब्दन् शब्द आठवला. आता एवारिस्तो तो आपल्याला ऐकवणार, अशी त्याने मनाची तयारी केली. "मग आम्हाला कशाला आणलंस?"

एवारिस्तो टेबलाकडे बघत बोलला. "एरवी मी मागे बसतो. त्या खांबाआड. दिवे लागायच्या आत निघून जातो. पुढे बसायचा एकट्याला धीर होत नव्हता."

तेवढ्यात प्रकाशाचा झोत सरकत त्यांच्या टेबलावर आला. लाल झगा पायऱ्या उतरून खाली आला होता. आता ही कुणाच्या तरी मांडीवर बसणार म्हणून लोक माना उंचावून बघू लागले. नेस्तोरने आधी फेर्मिनला पाहिलं, मग आन्सेल्मोला, मग तिसऱ्याला. त्याचं गाणं थांबलं. पियानोवाला तेच तेच सूर पुन्हा वाजवू लागला.

"काय मंडळी," नेस्तोर माइकमध्ये म्हणाला, "कुठल्या गावची?"

एवारिस्तो उभा राहिला. त्याने कोटाचं बटण लावलं.

"वाल्देकुएर्वोची. आणि मी तुझा बाप."

माइकने ते सगळीकडे पोचवलं. लोक पोट धरून हसले. त्यांना वाटलं, हाही खेळाचाच भाग. टाळ्या पडल्या, कुणीतरी शिट्टी वाजवली. फेर्मिन मान खाली घालून बसला होता.

हशा ओसरेपर्यंत नेस्तोर थांबला. मग त्याने माइक पाठीमागे धरला आणि तो खाली वाकला. पिसं म्हाताऱ्याच्या कपाळाला टेकली.

"बाबा," तो म्हणाला, "त्या खांबामागून तुम्हाला काही दिसायचं का हो?"