अर्काचा गुण

प्रयोगशाळेत पाण्यात सोडलेला उंदीर हातपाय गाळायला तयारच नव्हता. नैराश्यावरचा ब्राह्मीचा अर्क पाजलेले उंदीर हार न मानता जास्त वेळ पोहतील, हे ठीक. पण याला तुलनेसाठी नुसतं पाणी दिलं होतं.

“शर्वाणी, काय केलंस याला?” तिच्या मार्गदर्शक मोकाशी मॅडम चिडल्या.

“काही नाही. पाजताना घाबरतात, म्हणून सगळ्यांनाच जरा हातात घेऊन गोंजारते.”

“मग सगळेच पोहत राहिले, तर अर्काचा गुण कळायचा कसा? पुन्हा पहिल्यापासून कर. आणि लाड बंद!”

घरी आई नेहमीसारखी भिंतीकडे तोंड करून पडली होती. डॉक्टरांची गोळी उशाशी ठेवून शर्वाणी रोजच्यासारखी दारापर्यंत गेली, आणि परत फिरली. शेजारी बसून तिने आईचा हात हातात घेतला.

बऱ्याच वेळाने आई वळली. “किती गार पडलाय गं तुझा हात,” म्हणाली, आणि तो पांघरुणात ओढून घेतला.