कोणाच्या बातम्या भारी

रावेरच्या केबलवर तोताराम दर रविवारी पुढाऱ्यांची टर उडवणाऱ्या खोट्या बातम्या वाचायचा. सावद्याच्या केबलवरही तसाच एक कार्यक्रम लागायचा. एका दुपारी आबांनी तोतारामला बंगल्यावर बोलावलं. आबा तालुक्यातले बडे पुढारी; त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे.

आबांनी दोन्ही कार्यक्रमांच्या कॅसेट एकापाठोपाठ एक लावल्या. सावद्याची लागली तेव्हा खोलीतली माणसं पोट धरून हसली. तोतारामची लागली तेव्हा कोणीच हसलं नाही. सगळे आबांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"सावद्याचा नुसता हसवतो," आबा म्हणाले. "तुह्या बातम्या खऱ्या वाटतात. कोन लिहितं रे त्या?"

 बातम्या तोतारामची बायको इंदिरा लिहायची, शाळेत शिकवून घरी आल्यावर.

"मीच, आबा."

"मग लिही एक. इथंच. माह्यावर."

कोणीतरी कागद-पेन पुढे ठेवलं. त्यानं कशाबशा चार ओळी खरडल्या आणि वाचून दाखवल्या. त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं, हे त्यालाही कळत होतं.

आबा मात्र खदखदून हसले. त्याच्या पाठीवर थाप मारून त्याला सोडायला स्वतः दारापर्यंत आले. तोतारामच्या जिवात जीव आला.

तो चपला घालत असताना आबा हळूच म्हणाले, "इंदिराबाईले सांग, शाळेत जाता-येता जरा जपून."