पहिला दिवस

आमच्या जनावरांच्या दवाखान्यात टेक्निशियन म्हणून कोण कुठून येईल याचा नेम नाही. मी पूर्वी हॉटेलच्या दारावर बाउन्सर होतो, माझा जोडीदार सलून चालवायचा. आज रुजू झालेल्या बाई तर थेट बालवाडीतून आलेल्या. "आता कुत्र्यांना गाणी शिकवणार वाटतं," मी जोडीदाराच्या कानात पुटपुटलो.

तेवढ्यात एक निवृत्त फौजदार आपला वासराएवढा कुत्रा घेऊन आले. त्याला ॲडमिट करून सलाईन लावायचं होतं. आम्ही दोघांनी त्याला धरायला जावं आणि त्यानं आम्हालाच भिंतीला लावावं, असं चाललं होतं. फौजदारसाहेब मधूनच "माझं सोनं ते!" म्हणून कळवळायचे, की तो आणखी चवताळायचा.

बाईंनी पदर खोचला. "पालकांनी बाहेर थांबायचं."

"अहो, माझ्याशिवाय राहायचा नाही तो!"

"सगळे असंच म्हणतात. निघा. आणि मागे वळून बघायचं नाही."

दार लागलं. कुत्र्यानं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि मुकाट्यानं खाली बसला. बाईंनी पंजा हातात घेऊन सुई टोचली तरी हूं की चूं नाही.

थोड्या वेळानं डॉक्टर डोकावले. "काय बाई, कसं काय?"

बाईंनी दाराकडे बघितलं. काचेला नाक लावून फौजदारसाहेब रुमालानं डोळे पुसत होते.

"हा रुळला," बाई म्हणाल्या. "पालकांना अजून चार दिवस लागतील."