गाडी किती उचलायची?

"दोन इंच बास होतंय, मामा," विरेश म्हणाला. "त्याच्या वर नेली तर वळणावर डुलंल."

सयाजीनं मान हलवली, पण हो म्हणून नाही. त्याची पिकअप वीस वर्षांची. स्प्रिंगचे पाटे पार बसलेले. सांगोल्याहून सकाळीच निघून तो सोलापुरात विरेशच्या गॅरेजला आला होता. सोबत बायको, रंभाबाई.

विरेशला कळेना. डाळिंबं भरता का? नाही, बाग कधीच काढली. रस्ता खराब हाय का? नाही, दारापर्यंत डांबर. मग उचलायची कशाला? सयाजीनं बायकोकडं बोट केलं.

"तिला म्हणावं, चढून बघ."

रंभाबाई तीन हातांवरच उभी होती. तरी ती विरेशला म्हणाली, "ह्यास्नी सांगा, बघते."

विरेशनं गाडी जॅकवर दोन इंच उचलली, खाली ठोकळे दिले. रंभाबाई सहज चढली, उतरली आणि नळावर तोंड धुवायला गेली.

तुम्ही दोघं बोलत का न्हाय, विरेशनं विचारलंच. सयाजीनं आवाज खाली आणला. "तिची शेळी न इचारता इकली. चार महिनं झालं. ताट बी हातात देत न्हाय, भुईवर ठेवती."

मग चार इंच. रंभाबाईनं दांडी धरली, झोका घेतला, चढली.

"अजून," सयाजी म्हणाला.

"मामा, मावशीचं गुडघं हायत, जॅक न्हाय. निदान पायरी तरी वेल्ड करतो की. फुकट."

"पायरी नको."

सहा इंच. रंभाबाईनं पाय वर टाकला, परत खाली घेतला. पुन्हा टाकला, पुन्हा घेतला. विरेश आता वैतागलाच होता. तेवढ्यात सयाजी पुढं आला. त्यानं हात पुढं केला.

ती त्या हाताकडं बघत राहिली. मग तिनं तो धरला आणि चढली.

"हेच माप," सयाजी म्हणाला.

विरेशच्या डोक्यात आता उजेड पडला. वळणावर डुलंल वगैरे तो परत बोलला नाही. पाटे वाढवले, लांब शॉक-ॲब्सॉर्बर बसवले. चार वाजता गाडी तयार. रंभाबाई हात धरूनच वर बसली.

गाडी समोरच्या चहाच्या टपरीपाशी थांबली. सयाजी चहा सांगायला उतरला. विरेश हात पुसत दारात उभा होता.

रंभाबाईची एक चप्पल खाली पडली. तिनं टुणकन उडी मारली, चप्पल पायात सरकवली आणि कशाला न धरता एका दमात वर जाऊन बसली.

तेवढ्यात टपरीवरून सयाजी वळताना दिसला. ती गुपचूप परत खाली उतरली आणि हात पुढं करून उभी राहिली.