थांबणारा ड्रॉवर

आठ वर्षांच्या खंडानंतर शलाका नोकरीसाठी मुलाखतीला आली होती. सातपूरच्या फर्निचर कारखान्यात बोरस्ते साहेबांनी तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं. "टेबलाला ड्रॉवर जोडून दाखवा. वीस मिनिटं."

तिनं पडद्यावर टेबलाचे तुकडे जुळवले, ड्रॉवर फक्त मागेपुढे सरकेल असा बांधला आणि माउसनं ढकलून पाहिला. तो मागच्या फळीतून आरपार गेला आणि टेबलाच्या पाठीमागे हवेत तरंगत राहिला. शेजारी बसलेली डिझायनर खुदकन हसली. शलाकाचे कान तापले.

"सरकायला सांगितलंत, थांबायला सांगायचं राहिलं," साहेब म्हणाले.

"सांगते आता." तिनं मर्यादा घातली. मागे शून्य, पुढे तीनशे मिलिमीटर. ड्रॉवर मुकाट्यानं तिथंच थांबायला लागला.

साहेबांनी चष्मा वर केला. "ड्रॉवर साडेचारशेचा आहे. मग तीनशेच का? उघडू द्या की पूर्ण!"

"पूर्ण उघडला तर बाहेरच येईल, सर. माझ्या मुलानं अडीच वर्षांचा असताना घरचा ड्रॉवर असाच ओढला होता. सगळा पायावर पडला. चार टाके घालावे लागले."

"आमच्याकडे नाही हो असं होत," म्हणत साहेबांनी ऐटीत स्वतःच्या टेबलाचा ड्रॉवर ओढला. फायली, गोळ्या आणि चिवड्याच्या फुटक्या पुडीसकट तो त्यांच्या मांडीवर आला.

मग साहेबच आधी हसले.

"सोमवारपासून या," पँटवरचा चिवडा झटकत ते म्हणाले. "पहिलं काम, हे टेबल."