कापसाचा ओला बोळा

आम्हाला हाताला धरून शिकवणाऱ्या मोठ्या सिस्टर आता आमच्याच, अखेरच्या दिवसांतल्या पेशंटांच्या वॉर्डात, शेवटच्या खाटेवर होत्या. डॉक्टरांनी त्यांचा केअर प्लॅन इतरांसारखाच ठेवला होता: सुया बंद, दुखू द्यायचं नाही, कूस बदलायची, कापसाच्या बोळ्याने ओठ ओले ठेवायचे. त्यांचं स्वतःहून बोटही हलत नव्हतं.

त्या दुपारी मी पहिल्या खाटेवरच्या आजोबांची कूस बदलायला गेले. ती बदललेली होती. ओठही ओले होते.

"आत्ताच तर करून गेलात की," आजोबा म्हणाले.

पुढच्या खाटेवर तेच. त्याच्या पुढेही तेच. आणि प्रत्येक उशीच्या खोळीचं तोंड दारापासून पलीकडे वळवलेलं. ते दाराकडे दिसलं की मोठ्या सिस्टर आमची बिनपाण्याने करायच्या.

वॉर्डात कोरडे ओठ फक्त त्यांचेच होते.

मी त्यांचा हात हातात घेतला. बोटांची टोकं पाण्याने सुरकुतली होती, ड्यूटी संपताना आमची होतात तशी. मुठीत ओला बोळा होता.

"द्या तो इकडे, सिस्टर. झाली तुमची ड्यूटी."

मूठ घट्ट आवळली गेली, आणि मी शिकाऊ पोरीसारखी मान खाली घालून उभी राहिले.